पाहुणा कुठल्या देशाचा? गोव्यातल्या शॅक, गेस्ट हाऊस आणि टॅक्सीवाल्यांसाठी ओळखीच्या खुणा

कळंगुटच्या रस्त्यावर उभा असलेला परदेशी पाहुणा रस्ता ओलांडण्याआधी मान कुठे वळवतो, ते बघा. आपल्याकडे पहिली गाडी उजवीकडून अंगावर येते, म्हणून आपण नकळत आधी उजवीकडे बघतो. जो आधी डावीकडे बघून पाऊल टाकतो, तो रस्त्याच्या उजव्या बाजूने गाड्या चालवणाऱ्या देशातला आहे. रशिया, जर्मनी, फ्रान्स, इस्राएल, अमेरिका हे सगळे त्यात येतात. आपल्यासारखा आधी उजवीकडे बघणारा ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका, जपान किंवा थायलंडचा असण्याची शक्यता जास्त. ही सवय लहानपणी मानेत बसलेली असते. कपडे बदलले, केस रंगवले, महिनाभर हरमलला काढला तरी ती सुटत नाही.

रेंट-अ-बाईक देणाऱ्यांनी ही खूण सगळ्यात आधी शिकावी, कारण यात जिवाचा प्रश्न आहे. उजव्या बाजूच्या देशातला माणूस गर्दीत सहसा चुकत नाही, पुढच्या गाडीमागे जात राहतो. तो चुकतो ते सकाळच्या रिकाम्या रस्त्यावर, आणि पेट्रोल पंपावरून किंवा शॅकच्या (किनाऱ्यावरच्या खानावळीच्या) पार्किंगमधून बाहेर पडून वळताना. समोर गाडी नसली की हात जुन्या सवयीने उजव्या कडेला जातो. म्हणून चावी देण्याआधी त्याला आवारात दोन फेऱ्या मारायला लावा, एक डावं वळण आणि एक उजवं वळण समोर घ्यायला सांगा आणि डाव्या हँडलवर लाल चिकटपट्टीचा तुकडा लावून द्या. ‘ही पट्टी कायम रस्त्याच्या कडेला’ एवढं एकच वाक्य सांगा. दहा सूचना दिल्या की एकही लक्षात राहत नाही.

कशाकडे आधी बघायचं

आपल्याकडे बहुतेक जण चेहऱ्यापासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात. गोरा दिसला की ‘प्रिव्येत’ (रशियन ‘नमस्कार’) म्हणून हाक मारणारे मोरजी-आश्व्याला जागोजागी भेटतात, आणि समोरचा निघतो पोलंडचा किंवा युक्रेनचा. उलट कझाकस्तानहून आलेलं कुटुंब आपल्या नजरेला चिनी किंवा कोरियन वाटतं आणि आपसात अस्खलित रशियन बोलत असतं. इस्राएलमध्येही जुन्या सोव्हिएत संघातून गेलेली पुष्कळ कुटुंबं आहेत, घरात रशियन आणि बाहेर हिब्रू. म्हणून चेहरा सगळ्यात शेवटी. आधी हात, मग ताट, मग बोलणं, मग सामान, आणि खोली द्यायची असेल तर कागद. दोन वेगवेगळ्या जागच्या खुणा एकाच देशाकडे बोट दाखवू लागल्या की अंदाज धरायचा. एकाच खुणेवर कधीही बोलू नका.

हात

शॅकवर संगीत चालू असतं, लाटांचा आवाज असतो, त्यामुळे अर्धी ऑर्डर बोटांनीच येते. आपण मोजतो ते अंगठा बोटांच्या पेरांवर फिरवून, चार बोटांची बारा पेरं. ही पद्धत युरोपातल्या माणसाला कळतच नाही, त्याला वाटतं आपण बोटं चोळतोय. त्यांच्यात दोन मोठे गट आहेत.

जर्मन, फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश माणूस अंगठ्यापासून मोजतो. एक म्हणजे नुसता अंगठा, दोन म्हणजे अंगठा आणि तर्जनी, तीन म्हणजे त्यात मधलं बोट. ब्रिटिश आणि अमेरिकन तर्जनीपासून मोजतात, त्यांचे तीन म्हणजे तर्जनी, मधलं आणि अनामिका, अंगठा आत दुमडलेला. यातून होणारी नेहमीची चूक अशी: जर्मन पाहुणा रिकामा ग्लास हातात धरून लांबून अंगठा वर करतो. पोऱ्या समजतो, ‘मस्त आहे’ म्हणतोय, आणि हसून अंगठा दाखवून निघून जातो. पाहुण्याला हवी असते अजून एक बिअर. रिकामा ग्लास आणि अंगठा एकत्र दिसले की ती ऑर्डर आहे असं धरा आणि ‘वन मोअर?’ म्हणून विचारा.

अंगठा आणि तर्जनी ताणून, पिस्तुलासारखा हात दिसला तर आणखी जपून. जर्मनाचे ते दोन असतात आणि चिनी माणसाचे आठ. चिनी लोक सहा ते दहा हे आकडे एकाच हाताने दाखवतात. सहासाठी अंगठा आणि करंगळी बाहेर, आपण फोनची खूण करतो तशी. आठ मोमोज की दोन प्लेट, हा गोंधळ पाटीवर आकडा लिहून दाखवला की मिटतो.

रशियन माणूस स्वतःशी हिशेब करताना उघडा पंजा धरतो आणि दुसऱ्या हाताने करंगळीपासून एकेक बोट आत मुडपतो. जपानीही बोटं आत मुडपतात, पण अंगठ्यापासून. बिल तपासताना, माणसं मोजताना ही खूण हमखास दिसते, आणि ती नकली करता येत नाही. दुसऱ्याला आकडा दाखवताना मात्र रशियनही बाकीच्यांसारखी बोटं वर करतो, तेव्हा ‘मोजणं’ बघा, ‘दाखवणं’ नव्हे.

आता आपल्या हाताबद्दल. ब्रिटिश, आयरिश किंवा ऑस्ट्रेलियन टेबलाला ‘दोन ना?’ असं विचारताना तळहात आपल्याकडे आणि हाताची पाठ त्यांच्याकडे ठेवून दोन बोटं दाखवू नका. त्यांच्याकडे ती शिवी आहे. तळहात त्यांच्याकडे ठेवला की काही बिघडत नाही.

पाची बोटांची टोकं एकत्र आणून हात वर करणं ही दुसरी फसवी खूण. आपल्याकडे असा हात तोंडाकडे नेला की ‘जेवायचंय’. इस्राएली माणूस तोच हात छातीसमोर धरून थोडा हलवतो तेव्हा म्हणतो, ‘रेगा’, म्हणजे थांब जरा. इटालियन तसाच हात वरखाली झुलवतो तेव्हा विचारतो, ‘हे काय चाललंय?’ मेनूकार्ड घेऊन धावत गेलात तर इस्राएली पाहुणा वैतागतो, कारण त्याने थांबायला सांगितलं होतं. हात छातीसमोर जवळजवळ स्थिर आणि नजर तुमच्यावर असेल तर थांबा. हात झुलत असेल आणि भुवया वर असतील तर बिलात किंवा ताटात काहीतरी चुकलंय, जाऊन विचारा.

मानेचंही तेच. बल्गेरियात आडवी मान म्हणजे हो. आपली डोलणारी मान तर जवळजवळ कुणालाच कळत नाही. ऑर्डर घेताना मान डोलावून निघून गेलात तर पाहुणा पाच मिनिटांनी पुन्हा तीच ऑर्डर दुसऱ्या पोराला देतो आणि दोन किंगफिश येतात. तोंडाने ‘येस’ म्हणा आणि ऑर्डर वाचून दाखवा.

ताट आणि पेला

काटा-सुरी हातात कशी आहे हे लांबूनही दिसतं. अमेरिकन माणूस डाव्या हातात काटा धरून मांस कापतो, मग सुरी खाली ठेवतो, काटा उजव्या हातात घेतो आणि खातो. प्रत्येक घासाला, किंवा दोन-चार तुकडे एकदम कापून. युरोपियन माणूस काटा डाव्याच हातात ठेवून खातो, सुरी उजव्या हातातून सोडत नाही. ब्रिटिश जुन्या वळणाचे असतील तर काट्याची वाकडी बाजू खाली ठेवून वाटाणेही त्याच्या पाठीवर बसवून खातात. कॅनडाच्या माणसाकडे दोन्ही पद्धती दिसतात.

खाणं थांबवून काटा आणि सुरी ताटात एकमेकांपासून लांब, उलट्या व्हीसारखी किंवा फुलीसारखी ठेवली असेल तर जेवण संपलेलं नाही. दोन्ही शेजारी शेजारी समांतर ठेवली की ताट उचला. आपल्याकडे पोरं रिकामं दिसलं की ताट उचलतात आणि शेवटच्या सॉससाठी पाव तोडत बसलेला फ्रेंच माणूस हिरमुसतो.

पाण्याची ऑर्डर तर जवळजवळ पासपोर्टच आहे. ‘विथ गॅस?’ असं विचारणारा किंवा बुडबुड्यांचं पाणी मागणारा बहुधा जर्मन, ऑस्ट्रियन किंवा इटालियन. त्याला साधा सोडा चालतो, पण लिंबू-मीठ न घालता, बाटली टेबलावर उघडून. बर्फ भरपूर मागतो तो अमेरिकन, ‘नो आइस’ हे शब्द जवळजवळ सगळे युरोपियन म्हणतात, काही सवयीने आणि बरेचसे पोटाच्या भीतीने. बर्फ फिल्टरच्या पाण्याचा असेल तर तसं मेनूवर लिहा, प्रश्न कमी होतात.

चहा: ब्रिटिश पाहुण्याला चहा काळा आणि गार दूध वेगळ्या भांड्यात हवं असतं. ते त्याच्यासमोर ओतू नका, किती घालायचं हे प्रत्येकाचं ठरलेलं असतं. दूध गरम करून दिलंत तर तो काही बोलणार नाही, पण अर्धा कप तसाच राहील. रशियन काळा चहा लिंबाच्या चकतीबरोबर घेतो. इस्राएली पुदिन्याची काडी मागतो, तिला तो ‘नाना’ म्हणतो. आपला उकळलेला मसाला चहा या सगळ्यांना आवडतो, पण ‘मसाला चाय’ म्हणून मागतील तेव्हाच. नुसतं ‘टी’ म्हटलं तर तो द्यायचा नाही.

वेळेवरूनही अंदाज येतो. संध्याकाळी सहा-साडेसहाला जेवायला बसणारं वयस्क जोडपं बाणावली किंवा कांदोळीला दिसलं तर ब्रिटिश किंवा जर्मन धरून चाला. रात्री साडेनऊला ‘किचन उघडं आहे ना?’ विचारणारे युरोपियन बहुधा स्पॅनिश.

रशियन टेबलावर रिकामी बाटली ठेवत नाहीत, ते अशुभ मानतात. शेवटचा घोट ओतला की बाटली खाली पायाशी जाते. पोराने ती उचलून पुन्हा टेबलावर ठेवू नये, सरळ घेऊन जावी. वाढदिवसाला टेबल सजवायचं असेल तर फुलं विषम संख्येत ठेवा, पाच किंवा सात. सम संख्येतली फुलं त्यांच्याकडे अंत्यविधीला नेतात. नाताळ त्यांचा ७ जानेवारीला, पण घरातला मोठा सण ३१ डिसेंबरची रात्र. भेटवस्तू आणि भरलेलं टेबल त्या रात्री असतं, म्हणून त्या रात्रीची बुकिंगं कुटुंबाच्या मोठ्या टेबलांची असतात. ही माहिती युक्रेन आणि बेलारूसच्या पाहुण्यांना बरीचशी लागू पडते, पण युक्रेनमध्ये आता बहुतेक जण नाताळ २५ डिसेंबरला करतात. विचारून घ्या.

इस्राएली पाहुण्यांत दोन प्रकार ओळखायला हवेत. लष्करी सेवा संपवून आलेली तरुण मुलं गटाने येतात, हुम्मुस, शक्शुका मागतात, बिल एकेक ओळ वाचतात. घासाघीस ही त्यांच्याकडे बोलण्याची रीत आहे, राग नव्हे, आवाज चढला म्हणून भांडण समजू नका. दुसरे धर्म पाळणारे. ते डुक्कर आणि शिंपल्या-कोलंबी खात नाहीत, मांस आणि दूध एका जेवणात घेत नाहीत. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत पैसे हाताळत नाहीत, विजेचं बटण दाबत नाहीत. अशा पाहुण्याचा हिशेब शुक्रवारी दुपारीच करा, त्याला साधी लोखंडी चावी द्या आणि खोलीतला कुठला दिवा चालू ठेवायचा, कुठला बंद, हे आधी विचारा.

कान

सगळ्या भाषा शिकायची गरज नाही. एकच शब्द कानाला लावून ठेवा, ‘धन्यवाद’. ताट ठेवल्यावर तो आपोआप बाहेर येतो, आणि माणूस तो आपल्या भाषेत बोलून जातो. ‘स्पासीबा’ रशियन. ‘द्याकुयु’ युक्रेनियन. ‘जेंकुये’ पोलिश आणि ‘देकुयी’ चेक. या चारांत फरक करता आला तरी उत्तर गोव्यातल्या निम्म्या चुका टळतील, आणि २०२२ पासून तर ही चूक फार लागते. युक्रेनच्या माणसाला रशियन म्हणणं म्हणजे जखमेवर बोट ठेवणं. ‘डांके’ जर्मन, पण त्याच तोंडी ‘मेर्सी’ आणि नमस्काराला ‘ग्रुएत्सी’ ऐकलंत तर स्विस, नमस्काराला ‘सेर्वुस’ ऐकलंत तर ऑस्ट्रियन किंवा बव्हेरियाचा. ‘टाक’ म्हणजे स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क. ‘कीतोस’ फिनलंड. ‘तोदा’ हिब्रू. ‘ओब्रिगादो’ पोर्तुगाल किंवा ब्राझील, बाई असेल तर ‘ओब्रिगादा’. त्यातला ब्राझीलचा माणूस स्वर मोकळे उच्चारतो आणि दर दुसऱ्या वाक्याला अंगठा वर करतो. पोर्तुगालचा स्वर गिळतो आणि शब्दाच्या शेवटी ‘श’ ऐकू येतो.

दोन शब्द मराठी कानाला हमखास फसवतात. ग्रीक माणूस ‘ने’ म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ हो. पोलिश माणूस बोलता बोलता ‘नो, नो’ म्हणतो तेव्हाही तो होकार असतो, इंग्रजीतला नकार नव्हे. पोलिश टेबलावर ‘मोअर राईस?’ ला ‘नो’ आलं तर चेहरा बघा.

इंग्रजी हीच मातृभाषा असेल तर संडास कुठे आहे हे तो कोणत्या शब्दात विचारतो ते ऐका. ‘लू’ किंवा ‘टॉयलेट’ ब्रिटिश, ‘रेस्टरूम’ किंवा ‘बाथरूम’ अमेरिकन, ‘वॉशरूम’ कॅनडाचा (आपल्याकडेही हा शब्द रुळलाय, तेव्हा उच्चारासकट ऐका). चपलांना ‘थाँग्ज’ म्हणणारा ऑस्ट्रेलियन, ‘जँडल्स’ म्हणणारा न्यूझीलंडचा. न्यूझीलंडचा ‘फिश’ आपल्याला ‘फश’ ऐकू येतो. बॅगेवर मेपलचं पान शिवलेलं असेल तर तो आपण अमेरिकन नाही हे आधीच सांगतोय, त्याचा मान ठेवा.

सामान आणि कपडे

कपड्यांवर इथे फार विसंबू नका. हणजुणेच्या बुधवारच्या बाजारातून एकदा हत्तीच्या छापाची ढगळ पँट आणि रुद्राक्षाची माळ घेतली की सगळे देश एकसारखे दिसायला लागतात. पहिल्या दिवशी, टॅक्सीतून उतरताना जे दिसतं ते खरं. पायांकडे बघा, बूट-चपला महिनाभर त्याच राहतात. जाड पट्ट्यांची, चालायला केलेली महागडी सँडल आणि पाठीला नीट आवळलेली रकसॅक जर्मन भाषिकांकडे जास्त दिसते. पांढरे धावायचे बूट, बेसबॉलची टोपी, कॉलेजचं नाव लिहिलेला टी-शर्ट आणि लिटरभर पाण्याची कायमची बाटली ही अमेरिकन जोडी. फुटबॉल क्लबची जर्सी आणि दुसऱ्याच दिवशी लालबुंद झालेले खांदे म्हणजे ब्रिटिश, त्यांना दुपारी बारा ते तीन छत्रीखालची जागा आपणहून द्या. रात्रीच्या जेवणाला किनाऱ्यावरही नीट आवरून, केस करून येणाऱ्या बायका रशियन किंवा इटालियन असण्याचा संभव जास्त. खोलीच्या दारात न सांगता चपला काढणारे रशियन, स्वीडन-नॉर्वेचे आणि जपानी.

किनाऱ्यावर दोन लाकडी फळ्यांनी जाळीशिवाय चेंडू टोलवत ‘टक-टक’ आवाज चालला असेल तर ते मत्कोत, इस्राएलच्या किनाऱ्यांवरचा खेळ. वाळूत लोखंडी गोळे टाकणारे फ्रेंच. पण खेळाचं सामान भाड्यानेही मिळतं, म्हणून खेळणाऱ्याची हातोटी बघा. कोण शिकतोय आणि कोण डोळे मिटूनही टोलवतोय हे लगेच कळतं.

रिसेप्शनवर बसणाऱ्याला सगळ्यात उपयोगी वस्तू म्हणजे चार्जरचा प्लग. तीन जाड चौकोनी पिनांचा, आत फ्यूज असलेला बोजड प्लग ब्रिटन-आयर्लंडचा. दोन बारीक गोल पिना युरोप, रशिया, इस्राएल अशा बऱ्याच ठिकाणी चालतात, त्यामुळे त्यावरून देश ठरत नाही. तो आपल्या सॉकेटमध्ये बसतो, पण सैल. थोडा वाकडा झाला की ठिणगी पडते आणि फोन रात्रभर चार्ज होत नाही, म्हणून प्रत्येक खोलीत एक घट्ट बसणारा अ‍ॅडॅप्टर ठेवा. दोन चपट्या समांतर पिना अमेरिका, कॅनडा आणि जपानच्या. छपराच्या दोन उतारांसारख्या तिरक्या चपट्या पिना ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या, चीनचा तीन पिनांचा प्लगही याच घराण्यातला.

चपट्या समांतर पिना दिसल्या की अ‍ॅडॅप्टर देण्याआधी वस्तू कोणती ते विचारा. अमेरिकेत वीज १२० व्होल्टची, जपानमध्ये १०० व्होल्टची, आपली २३०. फोन-लॅपटॉपच्या चार्जरवर ‘१००-२४०’ लिहिलेलं असतं, ते चालतात. केस वाळवायचं यंत्र मात्र नुसतं १२०चं असेल तर अ‍ॅडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्ट बदलत नाही. बटण दाबताच वास येतो, यंत्र जळतं आणि कधी मजल्याचा फ्यूज उडतो. गेस्ट हाऊसमध्ये एक २३० व्होल्टचं यंत्र ठेवलं तर हा त्रासच संपतो.

कागद

इथे अंदाज संपतो. परदेशी पाहुणा मुक्कामाला आला की २४ तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन कळवावी लागते. आपण सगळे त्याला ‘सी फॉर्म’ म्हणतो. घाईत सर्वाधिक चुका तारखांत होतात, कारण पाहुणा रजिस्टरवर आपल्या देशाच्या सवयीने लिहितो.

अमेरिकन आधी महिना लिहितो. त्याच्या हाताने ०३/०४ आलं तर ते ४ मार्च, ३ एप्रिल नव्हे. जर्मन आणि रशियन आधी दिवस लिहितात आणि मध्ये टिंब देतात. स्वीडनचा माणूस, तसंच चिनी, जपानी, कोरियन आणि हंगेरियन आधी वर्ष लिहितात. कॅनडाच्या पाहुण्याचं काही सांगता येत नाही, तिथे तिन्ही पद्धती चालतात. आकड्यांचं वळणही वेगळं असतं. युरोपच्या मुख्य भूमीवरचा माणूस इंग्रजी एकाला डोक्यावरून खाली लांब तिरकी रेघ देतो, त्यामुळे तो आपल्याला सातासारखा दिसतो. आणि सातावर तो मध्ये आडवी रेघ मारतो. खोली क्रमांक किंवा फोन नंबर लिहून घेताना शंका आली की सात कुठे आहे ते शोधा. त्यावर आडवी रेघ असेल तर रेघ नसलेला तो ‘सात’ म्हणजे एक. पैशांतही टिंब आणि स्वल्पविराम उलटे असतात. जर्मन माणसाने १.५०० लिहिलं तर ते दीड हजार.

रजिस्टर बाजूला ठेवून तारीख, नाव आणि राष्ट्रीयत्व नेहमी पासपोर्टच्या फोटोच्या पानावरून घ्या. पानाच्या तळाशी यंत्राने वाचायच्या दोन ओळी असतात, प्रत्येकी ४४ अक्षरांच्या, रिकाम्या जागी बाणाच्या टोकासारखी चिन्हं. दुसरी ओळ बोटाने मोजत वाचा. पहिली नऊ घरं पासपोर्ट क्रमांकाची, दहावं तपासणीचा आकडा. अकरा ते तेरा ही तीन अक्षरं राष्ट्रीयत्वाची: ब्रिटन ‘जीबीआर’, रशिया ‘आरयूएस’, इस्राएल ‘आयएसआर’, युक्रेन ‘यूकेआर’. जर्मनीचं एकच अक्षर असतं, ‘डी’, पुढची दोन घरं बाणांची, म्हणून फॉर्म भरणारा नवा मुलगा तिथे अडतो. चौदा ते एकोणीस ही सहा घरं जन्मतारखेची, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. सगळ्या देशांत हाच क्रम, त्यामुळे मार्च की एप्रिल हा वाद इथे मिटतो. एकविसावं घर स्त्री की पुरुष, बावीस ते सत्तावीस पासपोर्ट संपण्याची तारीख, तीही वर्षापासून.

जन्मस्थळ आणि राष्ट्रीयत्व एकच समजू नका. चाळिशीपुढच्या कित्येक पाहुण्यांच्या पासपोर्टात जन्मस्थळ म्हणून सोव्हिएत संघ लिहिलेला असतो, तो देश १९९१ मध्येच संपला. नवरा-बायकोच्या आडनावात शेवटी एका ‘आ’चा फरक दिसला तर दुरुस्त करायला जाऊ नका, रशियन बाईचं आडनाव तसंच असतं. चिनी, कोरियन आणि हंगेरियन माणूस बोलताना आडनाव आधी सांगतो. स्पॅनिश पाहुण्याला दोन आडनावं असतात, दोन्ही लिहा.

विचारायचं कसं

अंदाज बांधला तरी तो तोंडावर फेकू नये. साधं ‘घर कुठे तुमचं?’ हे सगळ्यात बरं. नाव घ्यायचंच असेल तर दोन शेजाऱ्यांतल्या कमी लोकवस्तीच्या देशाचं आधी घ्या. कॅनडा आधी, मग अमेरिका. न्यूझीलंड आधी, मग ऑस्ट्रेलिया. आयर्लंड किंवा स्कॉटलंड आधी, मग इंग्लंड. ऑस्ट्रिया किंवा स्वित्झर्लंड आधी, मग जर्मनी. अमेरिकनाला कॅनडाचा म्हटलं तर तो हसून सांगतो. कॅनडाच्या माणसाला अमेरिकन म्हटलं तर त्याचा चेहरा पडतो. आणि देश ओळखून भाव बदलू नका. एकाच डेक बेडचे तीन देशांना तीन भाव सांगितले तर संध्याकाळपर्यंत ते तिघं एकमेकांना भेटलेले असतात.

राहिली एक ओळख, जी फक्त आपल्या गोव्यातच एवढ्या नेमाने चुकते. टेबलावर बसलेला माणूस दिसायला आपल्यातला, बायकोशी कोंकणीत बोलतोय, मुलं इंग्लंडच्या उच्चारात इंग्रजी बोलतायत, बिल दिल्यावर ‘देव बरें करूं’ म्हणतो आणि खोलीसाठी पासपोर्ट काढतो तो पोर्तुगालचा. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोवा, दमण, दीवमध्ये जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगाल नागरिकत्व देतो. त्या कागदावर पुष्कळ गोवेकर ब्रिटनला गेले, स्विंडन शहरात तर मोठी वस्ती आहे. इथे पोरं दोन चुका करतात. एक तर गोवेकर समजून त्याची माहिती कळवतच नाहीत, किंवा पासपोर्ट बघून त्याच्याशी तोडकं इंग्रजी बोलायला लागतात. ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) हातात असलं तरी पासपोर्ट परदेशीच धरायचा. रकान्यात राष्ट्रीयत्व ‘पीआरटी’, जन्मस्थळ मडगाव किंवा म्हापसा, जसं पानावर छापलंय तसंच. बोलायचं मात्र कोंकणीत किंवा मराठीत, आणि सकाळी पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, सायकल वाजली की ब्रेडच्या स्लाइसऐवजी खोलीवर उंडे आणि पोई हे गरम गोवेकरी पाव पाठवायचे.